डोंगरातल्या विहिरीत उतरून आले

सास्तूर

मंजूच्या अण्णांना,

अहो म्हटलं की तुम्ही ‘हं’ म्हणायचात. तो हं ऐकू आला असं धरून पुढं लिहिते.

आज भाऊजी येऊन गेले. एक सोडून दोन कप चहा प्याले, आणि जाताना उंबऱ्यात उभं राहून जे बोलले ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला भाकरी थापता येईना. पीठ परातीत तसंच आहे. दिवसभराचं सगळं संध्याकाळी तुम्हाला सांगायचं, ही इतक्या वर्षांची सवय. तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात सांगत आले. पण हे मनात मावेना, म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, माहीत आहे हो मला! पेपर मीच वाचून दाखवायची. हेही लिहून झालं की मोठ्यानं वाचणार आहे. तुम्ही नेहमीसारखे खांबाला टेकून ऐका. मधेच घोरायला लागू नका म्हणजे झालं.

आधी मंजूचं सांगते. तुम्ही होतात तेव्हा ती पुण्यात शिकत होती आणि सुट्टीच्या दिवशी किल्ल्यांचे कडे चढायची, एवढंच तुम्हाला माहीत होतं. आता ती नेपाळात असते. पोखऱ्याजवळ डोंगराला मोठमोठ्या भेगा पडलेल्या आहेत आणि त्या भेगांतून ओढे उड्या मारत खाली येतात. ज्यांनी जन्मात कधी दोर धरला नाही अशा माणसांना आपली मंजू एका दिवसापुरती तिथं घेऊन जाते. कमरेला पट्टा, डोक्याला टोपडं, आणि धबधब्यातून दोरावर खाली. सकाळी नेलेली माणसं संध्याकाळी परत आणायची. त्याला कॅन्यनिंग म्हणतात. तुम्हाला विहिरी खणायला खाली उतरायचे पैसे मिळायचे, हे लोक उतरायला पैसे देतात! ऐकून हसला असतात तुम्ही.

पण मी हसत नव्हते. कारण दिवाळीच्या आधी भाऊजींनी उमरग्याचं स्थळ आणलं होतं.

स्थळ चांगलं. मुलाचं खताचं दुकान आहे, आईवडील मऊ बोलणारे. मुलगा मला आवडला, खोटं कशाला लिहू? त्यांची अट एकच. मुलीनं नेपाळ सोडायचं आणि ते दोराचं कामही सोडायचं.

मंजू दिवाळीला आली तेव्हा मला वाटलं, आता भांडण होणार. तसलं काही झालं नाही. मी शंकरपाळ्या तळत होते, ती समोर बसून खात होती. म्हणाली, “आई, न बघता हो म्हणू नको आणि न बघता नाहीही म्हणू नको. एकदा माझ्यासंगं चल. एक दिवस उतर. मग तू म्हणशील ते.”

“मी म्हणेन ते?”

“व्हय. तू म्हणलीस, राहू दे आता, तर राहू देईन.”

बघा, कसली पोरगी! रुसली असती, आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. सगळा निवाडा माझ्या तोंडात ठेवून पुन्हा शंकरपाळ्या खायला लागली. तुम्ही असतात तर मी सरळ म्हटलं असतं, तुझ्या अण्णांना विचार. आता कुणावर ढकलू?

भाऊजींना कळलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. “वहिनी, बाया ह्या वयात सासू व्हायला निघतात. तुम्ही माकड व्हायला निघालात!”

मी म्हटलं, “माकड होऊन येते, मग सासू होते. घाई काय आहे?”

सोयाबीन घरात आलं होतं, ज्वारी पेरून झाली होती. राखणीला भाऊजींना सांगितलं आणि गेले. सोलापूरहून रेल्वे, पुढं आणखी एक रेल्वे, मग बस. खिडकीतून हिमाचे डोंगर पहिल्यांदा दिसले तेव्हा मला तुमचंच बोलणं आठवलं. टीव्हीवर बर्फाचा डोंगर दाखवला की तुम्ही म्हणायचात, “डोंगर म्हंजी उलटी हीर. आपन खाली खनतो, देवानं वर खनली.” तुम्ही आयुष्यात एकही मोठा डोंगर बघितला नाहीत. आपल्या भागात आहे काय, टेकड्या. मी शेजारच्या सीटकडं वळून तुम्हाला दाखवणार होते. तिथं मंजू झोपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमधून निघालो. मंजूबरोबर काम करणारा एक नेपाळी माणूस होता, चांगला दणकट, ओठावर मिशी. आणि सगळेजण त्याला ‘दाई, दाई’ म्हणून हाका मारायला लागले! मी मंजूला हळूच विचारलं, “अगं, हा बाळंतपणं करतो का?”

ती इतकी हसली की जीपवाल्यानं वळून बघितलं. “आई, दाई म्हणजे त्यांच्यात थोरला भाऊ. पण आज करणार आहे तो एक बाळंतपण. तुझं!”

मग त्यांनी मला अंगभर जाड काळ्या रबराचे कपडे घातले. पाणी बर्फासारखं गार असतं म्हणून. त्यात मी अगदी रेडकासारखी दिसत होते. वर टोपडं, म्हणजे हेल्मेट. ते डोक्यावर बसलं आणि माझा हात आपोआप पदर घ्यायला गेला. पदर कुठला तिथं! दाईनं ते बघितलं आणि हसला नाही. “आमा, राम्रो,” म्हणाला. आई, छान दिसतेस. परका माणूस, पण बरं वाटलं.

आम्ही पाचसहाजण होतो, सगळे नवखे. एक दिल्लीचा मुलगा होता, जीपमध्ये सगळ्यांत मोठ्यानं बोलणारा. पहिल्या लहान धबधब्याच्या काठावर आला आणि गप्प झाला. ओठ पांढरे. मी मंजूकडंच बघत होते, कारण मी त्यासाठीच गेले होते. ती त्याला हसली नाही. ‘काही होत नाही’ असंही म्हणाली नाही. त्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, “उतरायचं नसेल तर बाजूनं पायवाट आहे. मी सोबत येते. लाज वाटून घ्यायची नाही.” थोड्या वेळानं तो आपणहून उठला आणि उतरला. खाली गेल्यावर असा ओरडला म्हणता! जशी काही लॉटरी लागली.

प्रत्येकाची कडी लावल्यावर मंजू ती दोनदा ओढून बघायची, आणि मग एकदा डोळे मिटून हातानं चाचपायची. हे मी कुठं बघितलं होतं? सांगा बघू. विहिरीच्या काठावर, जेवणाचा डबा हातात घेऊन उभी असताना. ज्या पाटीत बसून विहिरीत उतरायचात, तिच्या दोराच्या गाठीवरून तुम्ही असाच हात फिरवायचात, डोळे मिटून.

लहान धबधबे मी उतरले. घसरगुंडीसारखेच होते. मग मोठा आला.

अहो, तो मोठा होता. किती ते विचारू नका, मी खाली बघितलंच नाही. बाकीचे उतरून गेले होते. दाई खाली डोहात उभा. वर मी आणि मंजू. दोर खडकात बसवलेल्या कड्यांतून आलेला, एक टोक माझ्या कमरेला, आणि उतरवणारे हात मंजूचे. मी काठावर पाठमोरी उभी राहिले. शेजारी एका झाडाची मुळी बाहेर आली होती, ती घट्ट धरली.

“आई, मागं बस. खुर्चीत बसल्यासारखी. आणि मुळी सोड.”

मी नाही सोडली.

“आई, सोड. मी धरलंय तुला. सोड हात.”

ती जितकं सोड म्हणत होती तितकी माझी मूठ आवळत होती. तिला वाटलं, आई भ्याली. भ्याले होतेच. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार? तुमच्या टोळीत विहिरीच्या काठावर ‘सोड’ हा शब्द कुणी उच्चारायचा नाही, असा तुमचा दंडक होता. दोर धरणाऱ्यानं चुकून ऐकला आणि खरंच सोडला तर? नवा गडी कामावर आला की कुदळीच्या आधी त्याला ही गोष्ट शिकवायचात. पाटी खाली ‘सोडायची’ नाही, ‘द्यायची’. इतकी वर्षं तुमच्या काठावर उभी राहून माझे कान तसेच झाले होते. घरातसुद्धा मी तुम्हाला कधी ‘तो दोर सोडा’ म्हटलं नाही. आणि इथं एवढ्या उंचीवर माझी पोरगी माझा दोर हातात धरून सोड, सोड म्हणतेय!

तुम्ही गेल्यावर दारात येणाऱ्या बायकासुद्धा हेच म्हणायच्या. ताई, सोडून द्या आता. कसं सोडणार होते?

मग मंजूनं ‘सोड’ म्हणायचं थांबवलं. आणि मग तिनं हाक दिली, अगदी तुमच्या चालीत, पहिलं अक्षर लांबवून.

“भाऽर दे!”

पाटीत बसलेल्या माणसाला वरचा गडी ज्या शब्दानं सांगायचा, तोच शब्द. आता तुझं वजन दोराला दे, मी तयार आहे.

“आई, भार दे! दोराला भार दे.”

त्या एका क्षणात मला जीप आठवली. उमरग्याच्या दवाखान्याकडं जाणारी. तुम्ही छातीवर हात धरून बसला होतात, आणि मग मान माझ्या खांद्यावर टाकलीत. एवढा दगडासारखा माणूस, सगळा भार माझ्या अंगावर दिलात. मी धरला. दवाखाना येईपर्यंत हललेसुद्धा नाही. मला वाटत होतं तुम्ही झोपलात.

मी मागं बसले. भार दिला. मुळी हातातून कधी सुटली ते कळलं नाही.

आता मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे.

आत इतकं छान असतं, हे तुम्ही मला कधीच का सांगितलं नाही? दोन्ही बाजूंना खडक, वर आभाळाची एक चिंधी, कानात पाण्याशिवाय काही नाही. ऊन नाही, माणसांची कटकट नाही. दगडाला हात लावला तर तो गार आणि ओला, जनावराच्या नाकासारखा. मी सगळा उन्हाळा काठावर उभी राहून तुमची कीव करायची. बिचारे, खाली अंधारात खपतात. डब्यात तुमच्या वाट्याला जास्तीची चटणी घालायची. आणि तुम्ही खाली गारव्यात मजेत! घरात तोंडातून शब्द फुटायचा नाही, आणि विहिरीतून तुमचं गाणं वर यायचं. मला वाटायचं, भीती घालवायला गातात. खोटारडे कुठले! तुम्हाला आवडायचं ते!

खाली डोहात पडले. दाईनं हात धरून काठाला बसवलं. मंजू मागोमाग सरसर उतरून आली. मी धापा टाकत तिला पहिला प्रश्न हाच विचारला, “भार दे, हे तुला कुणी सांगितलं?”

तिनं दुसरीकडं बघितलं. “ऐकलं असेल लहानपणी.”

“काठावर ऐकणारं माणूस तसं म्हणत नाही. मी जन्मभर ऐकलं, मला नाही तसं म्हणता येत. खरं सांग.”

मग तिनं सांगितलं. ती दुसरीत होती तेव्हाचं. मी लोहाऱ्याच्या बाजाराला गेले होते. वाणी मळ्यातल्या विहिरीला त्या दिवशी पाणी लागलं होतं, आणि तुम्ही तिला पाटीत बसवून खाली नेलंत. पहिलं पाणी फुटताना दाखवायला. वरून दोर भाऊजींच्या हातात. ‘भार दे’ म्हणून त्यांनी तिला सांगितलं आणि तिनं दिला. तुमच्या मांडीवर बसून तिनं खडकातून पाणी येताना बघितलं, ओंजळीनं प्यायली. माती मिसळलेलं होतं म्हणे, पण गोड.

मला नाही नेलंत!

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं. एकदा मला न्या ना खाली. तुम्ही म्हणालात, बाई उतरली तर पाणी रुसतं, जुनी माणसं म्हणतात. मी पुन्हा विचारलं नाही. आणि पोरीला नेलंत ते नेलंत, वर इतकी वर्षं लपवलंत! मी त्या डोहाच्या काठावर तुमच्यावर इतकी चिडले की थंडी वाजायची थांबली.

मंजू म्हणाली, “आई, अण्णांनी मला शपथ घातली होती. म्हणले, आईला सांगू नको. तिलाबी यायचं हाय, आन् मला तिला नेता येत न्हाय. तिला वाईट वाटंल.”

म्हणजे तुमच्या लक्षात होतं. नवी नवरी असताना एकदाच विचारलेलं, तुम्ही विसरला नव्हतात. हे तुमच्या तोंडून ऐकायला किती आवडलं असतं मला! माणूस सोबत असताना एवढं तरी बोलावं की नाही?

मी रडले. ओल्या तोंडावर कुणाला कळलं नाही. दाईला कळलं असावं. त्यानं थर्मासमधला चहा दिला. मग मी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी काढली. तो दिल्लीचा मुलगा चार घास खाऊन पाणी पाणी करायला लागला, आणि दाई ‘पिरो, पिरो’ म्हणत, म्हणजे तिखट तिखट म्हणत, परत परत हात पुढं करत होता. सगळ्यांना माझ्याबद्दल एकदम आदर वाटायला लागला. धबधबा उतरले त्याचं कुणाला काही नाही!

परत येताना मंजूनं विचारलं, “मग?” बाकी काही नाही, एवढंच. माझं उत्तर तयार होतं. पण मी म्हटलं, “आधी तुझ्या काकांशी बोलू दे.” तिचा चेहरा पडला. मला कळत होतं, पण हे त्यांच्या तोंडासमोरच व्हायला हवं होतं.

तर आज भाऊजी आले. मी चहा दिला. त्यांनी बशीत ओतला आणि विचारलं, “मग वहिनी, पाहुण्यांना काय कळवू?”

मी म्हटलं, “भाऊजी, वाणी मळ्यातल्या विहिरीत मंजूला पाटीत घालून खाली कुणी दिलं होतं?”

बशी तोंडाजवळ थांबली.

“कुनी सांगितलं?”

“जिला दिलं तिनं.”

“अण्णानं शपथ घातलीती वहिनी.”

“शपथ अण्णांची. हात कुणाचे होते?”

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, “माझे.” मला वाटलं, ओशाळतील. पण त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू आलं, लहान मुलासारखं. “लई भ्या वाटलं हुतं. अण्णाला देताना कधी वाटलं न्हाय, पोरीला देताना दोर दोनदा हाताला गुंडाळला हुता. पर ती हसत हुती वहिनी. खालनं तिचं हसू वर यायचं. मंग मलाबी हसू यायला लागलं. मी येकटाच काठावर, दोर धरून हसतोय. लोकं म्हणाली आसतील, ह्याला काय झालं!”

मी म्हटलं, “आता तिथं वर ती असते. दोर तिच्या हातात, आणि खालून लोकांचं हसू वर येतं. मी कानानं ऐकून आले. तिला कसं सांगू, राहू दे म्हणून? तुम्हाला सांगता येत असेल तर तुम्ही सांगा.”

भाऊजींनी आणखी चहा मागितला. तो पिऊन उठले, चप्पल घातली, उंबऱ्यात थांबले. पाठमोरेच म्हणाले, “उमरग्याला मी जातो सांगायला. चांगली मानसं हैत, तोंडानं सांगाय पायजे.” मग वळले. “वहिनी, तिचा दोर कोन बघतं तिथं? अण्णाचा मी बघायचो. रोज. बोटाबोटानं.”

मी म्हटलं, “तिचा तीच बघते. डोळे मिटून.”

“मंग ठीक हाय,” म्हणाले आणि गेले. गल्लीच्या टोकापर्यंत डोळे पुसत गेले. मी दारातून बघितलं.

मंजूला लगेच फोन लावला. सांगितलं, तुझं काम तुझ्याकडंच राहू दे. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, “आई, उद्या एक आजीबाई येणार आहेत गटात. तुझ्यासारख्याच. काळजी वाटतेय मला त्यांची.” म्हटलं, चटणी खाऊ घाल त्यांना.

ज्वारी हातभर झालीय. ओल चांगली आहे. तुम्ही असतात तर बांधावर बसून नुसतं बघत राहिला असतात. मीही तसंच बसते आता, तुमच्या जागेवर नाही, त्या जागेच्या शेजारी.

मला अजून भीती वाटते, आणि ती जाणार नाही. फोन वाजायला उशीर झाला की मी दहादा तो हातात घेऊन बघणारच. पण एक कबूल करते तुम्हाला. यापुढं तिचा फोन आला की मी आधी ‘लागलं नाही ना कुठं’ असं विचारणार नाही. आधी विचारीन, आज पाणी कसं होतं गं? आणि ती सांगेल तेवढं सगळं ऐकून घेईन. तुम्ही संध्याकाळी दारात आलात की मी एवढंच विचारायची, पाणी लागलं का? कसं होतं, ते विचारायचं राहूनच गेलं. विचारलं असतं तर तुम्ही बोलला असतात. हो ना?

तुमची,
सुशीला